आडनावाचं गाव सापडलं, म्हणजे मूळ गाव सापडलं का?

नाशिकरोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं, आणि फार विरळ. नाशकात आपल्या भाऊबंदांखेरीज हे आडनाव त्यांनी कुणाचं ऐकलेलं नाही. (त्यांच्या इच्छेनुसार मी ते इथे लिहीत नाही.) नकाशावर शोधल्यावर त्या नावाची दोन गावं निघाली. एक आपल्याच जिल्ह्यात, दुसरं कोकणात. जिल्ह्यातल्या गावी त्या जाऊन आल्या, तर तिथे त्यांच्या आडनावाचं एकही घर नाही. म्हणून विचारतात, ‘मग आमचं गाव कोकणातलं समजायचं का? आणि नक्की कसं करायचं?’

ताई, एवढ्यावरून कोकणातलं समजू नका. गावात आपल्या आडनावाचं घर नसणं हा विरोधातला पुरावा नाही. उलट ‘कर’वाल्या आडनावांच्या बाबतीत, निदान घाटावर तरी, तेच व्हायला हवं.

मोडी कागद वाचून घराण्यांच्या वंशावळी लावून देणं हे माझं काम आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावी लागते ती हीच गोष्ट. विंचुरात सगळेच विंचूरचे, तिथे कुणाला विंचूरकर म्हणून काय उपयोग? तिथला माणूस ओळखला जाणार बापाच्या नावाने, वतनाने, धंद्याने किंवा कुळाच्या आडनावाने. तो पोट भरायला दुसऱ्या गावी गेला की तिथले लोक विचारणार, हा कोण? विंचूरहून आलेला तो. मग तो विंचूरकर. म्हणजे हे नाव माणूस स्वतः लावत नाही, नव्या गावातले लोक लावतात, आणि दोन-तीन पिढ्यांत ते आडनाव होऊन बसतं. मागे राहिलेले भाऊ जुन्याच आडनावाने नांदत राहतात. तुम्ही त्या गावी ज्यांच्या दारावरून गेलात त्यांतलंच एखादं घर तुमच्या भावकीतलं असू शकतं. पाटी वेगळ्या आडनावाची, एवढंच. दक्षिण कोकणात आणि गोव्यात मूळ गावातही ‘कर’ लावणारी घरं भेटतात, तिकडची रीत थोडी निराळी आहे.

मोठं उदाहरण होळकरांचं. मल्हारराव नीरेकाठच्या होळ गावचे. वडील लवकर गेले आणि ते आजोळी, खानदेशात तळोद्याला वाढले. होळ सुटलं म्हणून होळकर हे नाव चिकटलं. आणि आता आपल्या नाशकात बघा. गोदावरीवरचा, एके काळी व्हिक्टोरिया पूल म्हणून ओळखला जाणारा पूल आज अहिल्यादेवी होळकर पूल आहे. गावाचं नाव माणसाला लागलं, माणसाचं पुन्हा एका जागेला लागलं. आणखी दोनशे वर्षांनी कुणी या पुलावरून होळकर मूळचे नाशिकचे असं ठरवलं तर ते जितकं चूक, तितकंच आज नुसत्या नावाच्या जुळणीवरून आपलं गाव ठरवणं चूक.

आता दुसरी वाट. गावाचं नाव लागलं म्हणजे माणूस तिथून आला असंच नाही, ते गाव त्याला मिळालेलं असू शकतं. पानिपतावर लढलेले विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे मूळचे दाणी. निफाड तालुक्यातलं विंचूर जहागिरीत आलं आणि घराणं विंचूरकर झालं. त्यांच्या मुळाचा शोध विंचुरात संपत नाही, तिथून मागे जावं लागतं, आणि तेही दाणी या नावाने. छोट्या पातळीवर हे इनामदार, देशपांडे, कुलकर्णी घराण्यांत सर्रास दिसतं. वतनाचं गाव वेगळं, मूळ गाव वेगळं, वस्तीचं गाव तिसरंच.

देवावरून किंवा आवडीने धरलेली गावंही आहेत. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतलं, घराणं त्याआधी हर्डीकर आणि अभिषेकी या नावांनी ओळखलं जाई. शाळेच्या दाखल्यावर लागलेलं नाव तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. शाळेत गावावरून आडनाव लागलं आणि पुढे आंबेडकर झालं. त्यांचे पूर्वज जुन्या कागदांत शोधायचे तर आंबेडकर हा शब्द धरून हाती काही लागणार नाही, सकपाळ धरूनच जावं लागेल.

उलटंही आहे. भगूरचे सावरकर भगूरकर झाले नाहीत, कारण ते आधीचं आडनाव घेऊनच तिथे आलेले होते. एकदा आडनाव पक्कं झालं की पुढची गावं त्यावर उमटत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न हा की तुमच्या घरात या आडनावाच्या आधीचं काही नाव सांगतात का? ‘आपण मूळचे अमुक’ असं आजी-आत्या सहज बोलून जातात आणि कुणी लिहून ठेवत नाही. ते एक नाव मिळालं तर निम्मं काम झालं.

आता त्या दोन गावांविषयी. नकाशावर दोन दिसली म्हणजे दोनच आहेत असं धरू नका. आडनाव विरळ आहे म्हणून गावही एकच असेल हा समज फार दगा देतो. आपल्या जिल्ह्यातच बघा. विंचूर निफाड तालुक्यात आहे, विंचूर दळवी सिन्नर तालुक्यात आणि विंचूर गवळी नाशिक तालुक्यात. शिरवाडे वणी आणि शिरवाडे वाकद तर एकाच निफाड तालुक्यात. ओझर आपल्याकडे विमानांच्या कारखान्याचं, आणि दुसरं जुन्नर तालुक्यात विघ्नहराचं. देवळाली आपल्या कॅम्पाची, तशी राहुरीकडची देवळाली प्रवरा. वणी दिंडोरी तालुक्यात आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही आहे. मालेगाव आपलं, तसं वाशीम जिल्ह्यातलं. नांदगावं किती आहेत हे तर विचारूच नका. अंबड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारखाने येतात, जालन्याच्या माणसासमोर तालुक्याचं गाव येतं.

पाथर्डीचं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. जुन्या नाशकातलं घर, आडनाव पाथर्डीकर. पाथर्डी म्हणजे नगरच्या पलीकडची, असं घरात तीन पिढ्या धरून चाललेले. तिकडे जाऊन देवळं पाहिली, तलाठ्याकडे चौकशा केल्या, काही लागलं नाही. शेवटी पंचवटीतल्या त्यांच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पिढीजात पुरोहितांच्या, वहीत पणजोबांच्या वडिलांची नोंद निघाली. ‘मूळ राहणार मौजे पाथर्डी, परगणे नाशिक.’ म्हणजे आज जिथे पाथर्डी फाट्याला सिटी बस थांबते, तेच गाव. गावापासून शहराच्या पेठेत आलेला माणूसही परका असतो आणि त्यालाही गावाचं नाव लागतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मूळ गाव लांबच असलं पाहिजे असं काही नाही.

या नोंदीतला कळीचा शब्द आहे ‘परगणे’, म्हणजे महसुलासाठी केलेला गावांचा जुना गट. जुन्या कागदात गाव कधी एकटं येत नाही. मौजे अमुक, परगणे तमुक, कसबे सिन्नर, कसबे चांदोर असं जोडीने येतं. मौजे म्हणजे साधं गाव, कसबा म्हणजे बाजारपेठेचं. एकाच नावाची दहा गावं वेगळी करायला परगण्याइतका उपयोगी दुसरा धागा नाही. फक्त परगणा म्हणजे आजचा तालुका नव्हे, आणि जुना जिल्हा म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. नाशिक जिल्हा वेगळा झाला 1869 मध्ये. त्याआधी मालेगाव-बागलाणाकडचा भाग खानदेशात आणि बाकीचा बराचसा अहमदनगरात मोडत होता. त्यामुळे 1850 च्या आसपासच्या इंग्रजी अमदानीतल्या कागदावर ‘जिल्हा अहमदनगर’ दिसलं म्हणून लगेच नगरची गाडी पकडू नका, गाव सिन्नरजवळचंही असू शकतं. आता नगरचं अहिल्यानगर झालं आहे, तेव्हा पुढच्या पिढीला हा गुंता आणखी एका वळणाने सोडवावा लागेल.

गावांची नावंही बदलतात, आणि गंमत अशी की जुनं नाव कधी कधी आडनावातच जिवंत राहतं. आजचं चांदवड जुन्या कागदांत चांदोर आहे. चांदोरकर म्हटलं की चांदवड हा एक पर्याय झाला, पण निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं चांदोरीही नजरेआड करून चालणार नाही. नाशिक स्वतः मोगलाईत गुलशनाबाद होतं. मला ही आडनावं म्हणूनच मोलाची वाटतात. सरकारी पाटी बदलली तरी ती बदलत नाहीत.

काही गावं तर नकाशावर उरलेलीच नाहीत. दुष्काळात किंवा साथीत उठलेल्या गावाला महसुली कागदात ‘बेचिराख’ लिहितात, धरणात गेलेली गावं वेगळीच. तुमचं खरं गाव नकाशावरच्या दोन्हींपेक्षा तिसरं, आज वस्ती नसलेलं असण्याची शक्यता म्हणून मी नेहमी उघडी ठेवतो. नाशिक जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर 1883 मध्ये छापलं गेलं. मोठी गावं, बाजार, घाटवाटा आणि लोकजीवन त्यात आहे, ते चाळून ठेवा. आजच्या गावांसाठी 2011 च्या जनगणनेची यादी घ्या, तिच्यात प्रत्येक गावाला स्वतंत्र सहा आकडी क्रमांक आहे. महाराष्ट्रात 40 हजारांवर गावं आहेत. सारख्या नावाची सगळी गावं तालुक्यासह एका कागदावर उतरवून घ्यायची आणि मग एकेक काट मारत जायचं. बुद्रुक, खुर्द, दुमाला, दळवी, गवळी अशी मागची शेपटं सोडून शोधा, कारण आडनावात ती येत नाहीत. विंचूर दळवीचा माणूसही परगावी विंचूरकरच होणार.

‘कर’ नसलेल्यांसाठीही एक गोष्ट सांगतो, कारण त्यावर वारंवार विचारणा होते. नाशिक-पुणे रस्त्यावर शिंदे नावाचं गाव आहे, पळसे गावाला लागून. म्हणून शिंदे आडनावाची मंडळी तिथली का? नाही. ग्वाल्हेरचे शिंदे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. गावाचं आणि माणसाचं नाव सारखं असलं की एकावरून दुसरं आलं असं वाटतं, पण दोन्ही तिसऱ्याच गोष्टीवरून स्वतंत्रपणे आलेली असू शकतात. झाडांवरून पडलेली नावं घ्या. पिंपळ, वड, पळस, बोर, चिंच जिथे तिथे होती, त्यांच्यावरून गावंही झाली आणि माणसांची नावंही झाली. अशा नावांत नुसत्या सारखेपणाला मी शून्य किंमत देतो.

मग किंमत कशाला? नाशकात राहणाऱ्यांसाठी सगळ्यात जवळचं साधन रामकुंडावर आहे. क्षेत्रोपाध्यांच्या वह्या. काही जण नामावळी म्हणतात, काही चोपडी. तुमच्या घराण्यातला कुणी अस्थी घेऊन, सिंहस्थाला किंवा नुसत्या तीर्थयात्रेला कधी आला असेल तर त्याची नोंद कुणा ना कुणा उपाध्यांकडे असते. घराणी गाव, प्रांत आणि ज्ञातीप्रमाणे वाटलेली असतात, त्यामुळे आधी ‘आपले उपाध्ये कोण’ हे शोधायचं. त्र्यंबकेश्वरलाही हीच पद्धत. मात्र एक अडचण आहे. नाशकातच राहणारं घर इथल्या वहीत यात्रेकरू म्हणून सापडेलच असं नाही. अशा वेळी शहरात येण्याआधीच्या पिढीची नोंद शोधावी, किंवा पैठण, पंढरपूर, काशी इथल्या वह्या पाहाव्यात.

एका नोंदीत काय असतं ते सांगतो. लांबट वही, वरच्या बाजूला शिवलेली, मोडी हस्ताक्षर. आधी आलेल्याचं नाव, मग बापाचं, आज्याचं, सापडलं तर पणज्याचं. भाऊ, चुलते, त्यांची मुलं. बायकोचं आणि आईचं नाव. ‘हल्ली वस्ती’ कुठे आणि ‘मूळ राहणार’ कुठे. ब्राह्मण घर असेल तर ‘उपनाम’ आणि गोत्र. खाली येणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ किंवा निशाणी. पुढच्या पिढीचा माणूस आला की त्याच पानावर वेगळ्या शाईत भर पडते. आडनाव बदललं असेल तर ते असल्या पानावर रंगेहाथ सापडतं. वरच्या ओळीत जुनं, खालच्या ओळीत ‘कर’ लागलेलं, आणि मधे गाव सोडल्याची खूण म्हणून ‘हल्ली वस्ती’ बदललेली. पान पाहायला गेलात तर त्यांच्या वेळेचा मान ठेवा, दक्षिणा द्या, पुढच्या पिढीची तुमची नावं नोंदवा, आणि परवानगीशिवाय मोबाईलवर फोटो काढू नका. या वह्या त्यांनी पूर-पावसातून जपल्या आहेत.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ बहुधा वेगळं दाखवत नाहीत, शब्दही तोडून लिहीत नाहीत. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि खाली अक्षरं लिहीत जायचं अशी ती रीत. त्यामुळे विरळ आडनाव वाचताना वाचणारा नकळत ओळखीच्या आडनावाकडे ओढला जातो. म्हणून गावाचं नाव त्याच पानावरच्या दुसऱ्या ओळींशी ताडून पाहावं आणि शक्य तर दोन वाचकांकडून वेगवेगळं वाचून घ्यावं. रोमन लिपीतल्या जुन्या याद्यांत तर एकाच गावाची तीन-चार रूपं भेटतात, ती सगळी शोधून पाहावी लागतात.

दुसरं साधन सरकारी. शाळेचं जनरल रजिस्टर, तहसीलमधला जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14 (कोतवाल बुक म्हणतात तो), जमिनीचे फेरफार. कुणबी नोंदींचा शोध 2023 मध्ये जोरात सुरू झाला तेव्हापासून बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर या जुन्या नोंदींचे स्कॅन आले आहेत. हे काम फक्त कुणबी प्रमाणपत्रापुरतं नाही, कुणालाही आपली माणसं तिथे दिसू शकतात. कोतवाल बुकात आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘रामा वलद गोविंदा’, म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, इतकंच. म्हणून आडनावाने नव्हे, माणसांच्या नावांच्या साखळीने शोधायचं. बापलेकांची तीन नावं ओळीने जुळली तर ती आडनावाच्या जुळणीहून कितीतरी भक्कम. पेशवाईपर्यंत मागे जायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार, पण तिथे हातात परगणा आणि मूळ आडनाव असल्याशिवाय जाऊ नका, रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, ढिगात दिवस जातील.

नावांची साखळी धरतानाही सावध. दत्तकाने बाप बदलतो. कुसुमाग्रजांचंच घ्या. 27 फेब्रुवारी 1912 ला पुण्यात जन्मले तेव्हा ते गजानन रंगनाथ शिरवाडकर, काकांकडे दत्तक गेल्यावर विष्णू वामन शिरवाडकर. मूळ गाव शिरवाडे वणी. इथे दत्तक घरातल्या घरात झालं म्हणून आडनाव तेच राहिलं, पण नुसतं रजिस्टर बघणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतील. दत्तक परक्या घरात गेलं असेल तर आडनाव एका कुळाचं आणि रक्त दुसऱ्या कुळाचं, असं होतं.

तिसरी कसोटी कुलदैवताची, आणि तुमच्या दोन गावांच्या पेचात हीच सर्वांत लवकर बोलेल. जेजुरी-तुळजापूर सांगितलंत तर त्याने काही ठरत नाही, निम्मा महाराष्ट्र तिथे जातो. पण घरात लग्नानंतर कुठल्या लहान गावच्या देवीची ओटी भरतात, कुणाच्या नावाने नारळ काढून ठेवतात, लग्नात देवक कोणतं धरतात, ते विचारा. कोकणातून आलेली घराणी घाटावर शेकडो वर्षं राहिली तरी कोकणातलं कुलदैवत सहसा सोडत नाहीत. तुमच्या देवघरात कोकणातल्या कुठल्याच ठाण्याचं नाव नसेल, तर नकाशावरचं ते दुसरं गाव मी यादीत खाली ढकलेन. गावदेवाचं नाव जुळलं तर वर आणेन.

एक इशारा मनापासून. आडनाव आणि गाव जुळलं म्हणून जात पडताळणीसाठी किंवा जमिनीच्या हक्कासाठी वंशावळ बनवून घेऊ नका, कुणी बनवून देतो म्हटला तरी. तिथे बापाकडून मागे जाणारी कागदांची सलग साखळी लागते. समान नावाच्या परक्या घराण्यात आपली माणसं बसवली की त्या घराण्याच्याही इतिहासाची नासाडी होते, आणि ती पुढे कुणाला निस्तरता येत नाही.

तर ताई, तुम्ही आधी हे करा. आजोबांचा आणि त्यांच्या भावांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा, त्यावर जन्मस्थळ असतं. नाशिकरोडला प्रेसमध्ये किंवा रेल्वेत घरातलं कुणी नोकरीला होतं का ते विचारा, सेवापुस्तकातला ‘कायमचा पत्ता’ मोठ्या कामाचा ठरतो. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंशी बसून माहेर-सासरची नावं, ओटीचा देव आणि जुनं आडनाव लिहून घ्या. पुरुषांपेक्षा त्यांना हे नक्की आठवतं. मग जिल्ह्यातल्या त्या गावी पुन्हा जा, पण या वेळी आपलं आडनाव विचारू नका. गावातल्या जुन्या देवळाचा गुरव आणि मंदिराच्या मानाची घरं गाठा, आणि विचारा, ‘इथून पूर्वी कुणी नाशकाला गेलं होतं का, आणि त्यांची जमीन कुणाकडे राहिली?’ जमीन राहिली असेल तर फेरफारात तिचा माग निघेल. तिथे तुमच्या पणजोबांचं नाव कुठल्यातरी वेगळ्याच आडनावापुढे दिसलं, तर तो उतारा घेऊन माझ्याकडे या. पुढचं मोडी आपण बसून वाचू.